सात आणि बारा

28 फेब्रुवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी यवतमाळच्या सभेतून पीएम-किसान सन्मान निधीचा सोळावा हप्ता सोडला. देशभरातल्या सुमारे 9 कोटी शेतकऱ्यांच्या खात्यांत मिळून 21 हजार कोटींहून अधिक रुपये जमा झाले. त्याच कार्यक्रमात राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे दुसरा आणि तिसरा असे दोन हप्ते, सुमारे 3,800 कोटी रुपये, महाराष्ट्रातल्या 88 लाख शेतकऱ्यांसाठी सोडले गेले. या कामासाठी यवतमाळची निवड व्हावी, यात आश्चर्य नाही. शेतकरी आत्महत्यांचा विषय निघाला की देशाला आठवणाऱ्या पहिल्या नावांत हे नाव असते. 19 मार्च 1986 रोजी ज्या शेतकऱ्याने बायको आणि चार मुलांसह जीवन संपवले, आणि ज्याच्या मृत्यूपासून महाराष्ट्र या दुःखाची गणती सुरू करतो, तो याच जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचा होता. तेव्हापासून आजवर मुंबई-दिल्लीत जी जी योजना निघाली, ती यवतमाळला आलीच. काही तर यवतमाळकडे पाहूनच निघाल्या.

म्हणून या जिल्ह्याला सरकारने काही दिलेच नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. तगाई दिली, कापसाला हमी दिली, व्याज माफ केले, कर्ज माफ केले, गायी दिल्या, पीक विम्याच्या हप्त्याचा मोठा भार उचलला, बोंडअळीची भरपाई दिली, आणि आता दर चार महिन्यांनी खात्यात पैसे येतात. एवढे होऊनही कास्तकार सावरला का नाही, याची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. एक, पैसा गरजेच्या मानाने फार थोडा होता. दुसरे, पैसा वाटेत झिरपला. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही पुरत नाहीत. जिथे पैसा बऱ्यापैकी होता आणि वाटेत झिरपलाही नाही, तिथेही तो शेत कसणाऱ्याच्या हाती पडेलच असे नव्हते. जमीन ज्याच्या नावावर त्याच्यापर्यंत, किंवा थकबाकी ज्या बँकेची तिच्यापर्यंत जाऊन तो थांबला. सातबारा हा शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण ते दोन नमुने आहेत. गाव नमुना सात हा हक्काचा: जमीन कोणाची आणि तिच्यावर बोजा कोणाचा. गाव नमुना बारा हा पिकाचा: या हंगामात त्या जमिनीवर काय उभे आहे. सरकारी मदतीचा यवतमाळातला इतिहास क्रमाने पाहिला, तर सरकारने बहुतेक वेळा सात पाहून पैसा दिला. बारा पाहून दिला तो फार थोड्या वेळा. या जिल्ह्याच्या दुखण्याचे मोठे कारण मला इथे दिसते.

सुरुवात तगाईपासून करावी लागते. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. आजचा यवतमाळ जिल्हा पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. 1905 मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीचे मोल इंग्रजांना कळले. पुढच्या चाळीस वर्षांत राज्यकर्त्यांनी कापसासाठी पुष्कळ केले. 1897 मध्ये वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. 1903 मध्ये मूर्तिजापूर ते यवतमाळ अरुंद रुळांची रेल्वे धावू लागली. तिला पुढे लोकांनी शकुंतला म्हटले. कापूस जिल्ह्याबाहेर वेगाने जावा, ही काळजी या सगळ्यात होती. तो पिकवणाऱ्यासाठी होती ती तगाई. 1883 च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याने आणि 1884 च्या शेतकरी कर्ज कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात तिला कायद्याचे रूप आले, आणि वऱ्हाडातही तीच रीत रुजली. विहीर खणायला, बैल घ्यायला, बियाणे घ्यायला सरकार कर्ज देई. तारण अर्थातच जमीन. म्हणजे खातेदाराला तगाई आणि ज्याचे खाते नाही त्याला सावकार. 1899-1900 च्या दुष्काळात ज्याला पैशाची सर्वांत जास्त निकड होती, त्याच्याजवळ तारण ठेवायला काहीच नव्हते. जमिनीचा कागद हा मदतीचा दरवाजा झाला तो तेव्हा. राज्य बदलले, राज्यघटना आली, तरी दरवाजा तोच राहिला.

या सव्वाशे वर्षांत एक मोठा अपवाद घडला आणि तो घडवणारा माणूस याच जिल्ह्याचा होता. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक 1963 च्या डिसेंबरापासून 1975 च्या फेब्रुवारीपर्यंत मुख्यमंत्री होते. त्यांच्या काळात 1971 चा कच्च्या कापसाच्या खरेदी, प्रक्रिया आणि पणनाचा कायदा झाला आणि 1972-73 च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. राज्यातला कापूस सरकारच्या खरेदी केंद्रावरच विकायचा; खासगी व्यापाऱ्याला खरेदीची मनाई. सरकारने हमीभावाने कापूस घ्यायचा, जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी करायची, गाठी बांधून विकायच्या आणि नफा झाला तर त्याचे तीन हिस्से अंतिम भावाच्या रूपाने शेतकऱ्याला परत द्यायचे. चौथा हिस्सा पडत्या वर्षासाठी निधीत ठेवायचा. कल्पना साधी आणि मोठी होती. व्यापाऱ्याला मिळणारा रुई-सरकीचा नफा पिकवणाऱ्याच्या घरी यावा, आणि बाजार कोसळला तर त्याचा पहिला धक्का सरकारने सोसावा. ही मदत कापसाला बांधलेली होती. मक्त्याने शेत करणाऱ्याचा कापूसही त्याच काट्यावर, त्याच भावाने मोजला जाई. चुकारा मालकाच्या नावावर निघाला तरी भाव त्याच्या कापसाला लागू होई.

त्या केंद्रांचे चित्र डोळ्यांसमोर आणल्याशिवाय योजनेचे मोल आणि तिचे दोष दोन्ही कळत नाहीत. दिवाळी आटोपून थंडी पडली की केंद्राबाहेर बंड्यांची रांग लागे. बैल सोडून चाकाला बांधलेले, आणि माणसे बंडीखाली घोंगडी पांघरून रात्र काढत असलेली. आवक वाढली की एक रात्र तीन रात्रींवर जाई. नंबर आला की ग्रेडर कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस काढी, बोटांत धागा ओढून त्याची लांबी पाही, ओल आणि काडीकचरा पाही, आणि प्रत सांगे. त्याच्या त्या एका शब्दावर घरातल्या लग्नाचा खर्च अवलंबून असे. प्रत लागल्यावर वजन, वजनानंतर पावती, आणि पावतीनंतर चुकाऱ्याची वाट. चुकारे महिनोन्महिने रखडत. त्यातून 3 टक्के भांडवल निधी कापला जाई आणि सोसायटीचे पीककर्जही आधीच वळते होई. म्हणून ज्याला लगेच रोख हवी असे, तो आपला कापूस चोरून व्यापाऱ्याला देई. बाहेर भाव चढे असले की वणी-पांढरकवड्याकडचा कापूस पैनगंगा ओलांडून आदिलाबादला जाई. भाव पडलेले असले की बाहेरचा कापूस हमीभाव घ्यायला इकडे येई.

एकाधिकाराविरुद्धचा आक्षेप इथूनच सुरू होतो आणि तो खोटा नाही. योजनेत भ्रष्टाचार होता, प्रतवारीत लुबाडणूक होती, भाव निवडणुका पाहून ठरत, आणि तोट्याचा डोंगर राज्याच्या तिजोरीवर चढत गेला. भाव चढते असताना खुल्या बाजारात जाण्याचे शेतकऱ्याचे स्वातंत्र्य तिने हिरावले, हा शेतकरी संघटनेचा मुद्दाही खरा आहे. पण या दोषांवरून कापसाला बांधलेली मदतच चुकीची, असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. दोष सक्तीत होते, ग्रेडरच्या मनमानीत होते, आणि चुकाऱ्याची तारीख पाळण्याचे बंधन कोणावरच नव्हते यात होते. हे तिन्ही दुरुस्त करता आले असते. सक्ती काढून हमी ठेवता आली असती. झाले उलटे. 2002 च्या सुमारास बाजार खुला झाला, तेव्हा सक्ती गेलीच, पण तिच्याबरोबर हमीतली ताकदही गेली. वाईट अंमलबजावणीची शिक्षा चांगल्या तत्त्वाला झाली, आणि ती भोगावी लागली कास्तकाराला.

ती शिक्षा किती जबर होती हे एका आकड्यावरून दिसते. केंद्राच्या हमीभावावर राज्य सरकार क्विंटलमागे 500 रुपये आगाऊ बोनस देत असे. 2005-06 च्या हंगामात तो बंद झाला आणि लांब धाग्याच्या कापसाचा भाव 1,980 रुपयांच्या केंद्रीय हमीभावावर आला. ज्याच्या घरी 20 क्विंटल कापूस होता त्याचे एका हंगामात 10 हजार रुपये गेले. त्याच काळात जागतिक बाजारात काय चालले होते, तेही पाहायला हवे. अमेरिकेचे सरकार आपल्या सुमारे 25 हजार कापूस उत्पादकांना वर्षाला 3 अब्ज डॉलरच्या आसपास अनुदान देत होते. त्या पैशाच्या जोरावर पिकलेला स्वस्त कापूस जगभर जात होता. 2003 मध्ये कानकुनच्या जागतिक व्यापार परिषदेत बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या आफ्रिकी देशांनी याविरुद्ध तक्रार मांडली. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि 2005 मध्ये तो जिंकला. तिकडचा कापूस उत्पादक सरकारच्या पाठबळावर तोटा सोसत होता, आणि त्या तोट्याचा भाव यवतमाळच्या यार्डात उतरत होता. शेतकरी संघटनेचे शरद जोशी ज्याला उणे सबसिडी म्हणत ती हीच: धोरणाने भाव दाबायचा, आणि मग दाबलेल्या भावाने कर्जात गेलेल्या माणसाला मदत जाहीर करायची.

मदत जाहीर झाली, आणि भरपूर झाली. 2005 च्या डिसेंबरात विलासराव देशमुख सरकारने 1,075 कोटींचे पॅकेज दिले. 1 जुलै 2006 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भ दौऱ्याच्या अखेरीस यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर केले. पॅकेज हा शब्द तेव्हापासून वऱ्हाडीच झाला. पंतप्रधानांची कळकळ खरी होती याबद्दल मला शंका नाही. पण आकडा फोडून पाहा. 2,177 कोटी, म्हणजे निम्म्याहून जास्त रक्कम, सिंचन प्रकल्पांसाठी होती. धरण-कालव्यांचे काम वर्षानुवर्षे चालणारे, त्यातला रुपया त्या हंगामात कोणाच्या घरी येणार नव्हता. 712 कोटी थकीत व्याजाच्या माफीचे. त्याने शेतकऱ्याचे खाते नवे कर्ज मिळण्याइतपत स्वच्छ झाले, हा लाभ खरा, पण रक्कम बँकांच्या वहीत जमा-नावे झाली. ज्याचे कर्ज बँकेचे नव्हतेच, सावकाराचे किंवा कृषी सेवा केंद्राच्या उधारीचे होते, त्याच्यासाठी त्या 712 कोटींत काही नव्हते. जोडधंदा म्हणून दर जिल्ह्याला वर्षाकाठी 1,000 दुधाळ जनावरे निम्म्या अनुदानावर द्यायची होती. कोरडवाहू कापसाच्या गावात हिरवा चारा नाही, उन्हाळ्यात माणसाला पाणी नाही, दूध घेणारी डेअरी जवळ नाही. तिथे संकरित गाय रोज खायला मागते. अनेकांना त्या गायी विकाव्या लागल्या. निम्मी किंमत स्वतः भरायची असल्यामुळे काहींच्या कर्जात त्या गायीची भर पडली.

याच वर्षांत कागदाच्या दरवाजाचे सर्वांत कठोर रूप समोर आले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना 1 लाख रुपये देण्याची पद्धत 23 जानेवारी 2006 च्या शासन निर्णयाने पक्की झाली: 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. त्यासाठी मृत्यू आधी पात्र ठरावा लागे. जमीन मृताच्या किंवा कुटुंबातल्या व्यक्तीच्या नावावर हवी. कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. ते थकलेले हवे. तलाठ्याचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा, बँकेचा दाखला, आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीसमोर एका ओळीचा निकाल: पात्र किंवा अपात्र. मक्त्याच्या शेतातली नापिकी या कसोटीत बसत नव्हती. बिनपरवाना सावकाराचे कर्ज तर कागदावर नसतेच, म्हणून ते कर्जच नव्हते. ज्या बाईने नवऱ्याबरोबर वीस वर्षे निंदण केले, वेचा केला, तिचे नाव सातात नसल्यामुळे ती शेतकऱ्याची विधवा ठरत होती, शेतकरी ठरत नव्हती. 1990 च्या आसपास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवून बायकांच्या नावे जमीन करायला सांगितले होते, त्यामागचे शहाणपण या समित्यांच्या निकालांतून कळते. कोणी म्हणेल की निकष नसते तर प्रत्येक मृत्यूवर दावा झाला असता. निकष हवेतच. पण निकषाने दुःखाचे कारण शोधावे. दुःख कोणत्या नमुन्यात बसते हे शोधले, की मदतीची योजना नाकारण्याची योजना होते.

29 फेब्रुवारी 2008 रोजी पी. चिदंबरम यांनी अर्थसंकल्पात कर्जमाफी जाहीर केली, आणि यवतमाळला या कागदाचा दुसरा दोष अनुभवायला मिळाला. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याचे थकीत पीककर्ज पूर्ण माफ. त्याहून जास्त असलेल्याला 75 टक्के भरल्यावर 25 टक्के सूट. दिल्लीत पाच एकर म्हणजे पाच एकर. पण पाच एकर ओलीत ऊस आणि पाच एकर कोरडवाहू कापूस हे एकाच मापाचे शेत नव्हे. घाटंजी किंवा राळेगावच्या मुरमाड जमिनीवर सात-आठ एकरांचा कास्तकार हा पश्चिम महाराष्ट्रातल्या दोन एकर बागायतदाराहून गरीब असू शकतो. सात-आठ एकर पाहणाऱ्या नमुन्याने त्याला मोठा शेतकरी ठरवले. हा अन्याय इतका उघड होता की केंद्राने पॅकेजच्या जिल्ह्यांसह दुष्काळी पट्ट्यातल्या 237 जिल्ह्यांत ही सूट किमान 20 हजार केली, आणि राज्यालाही पुढे मोठ्या खातेदारांसाठी वेगळी सवलत आणावी लागली. देशभरात 3 कोटी 45 लाख शेतकऱ्यांना 52 हजार कोटींहून अधिकचा लाभ मिळाला. 2013 मध्ये महालेखापरीक्षकांनी देशभरातली नमुना खाती तपासली. लाभ मिळालेल्या 80,299 खात्यांपैकी साडेआठ टक्के अपात्र निघाली, आणि डावललेल्या 9,334 खात्यांपैकी 1,257, म्हणजे 13.46 टक्के, पात्र निघाली. कागद पाहून मदत दिली की ती अचूक जाते, या समजाला या आकड्यांनी धक्का बसायला हवा होता. 2017 ची दीड लाखांपर्यंतची शेतकरी सन्मान योजना आणि 2019 ची दोन लाखांपर्यंतची महात्मा फुले कर्जमुक्ती योजना यांविषयी वेगळे फार सांगण्याजोगे नाही. पहिलीत नवरा-बायकोने अंगठे उमटवायला सेवा केंद्रापुढे रांगा लावल्या, दुसरीत अर्जाचा त्रास वाचला. पण दोन्हींचा दरवाजा बँकेचे थकीत खाते हाच होता.

2017 हे वर्ष मात्र यवतमाळ विसरू शकत नाही. त्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली आणि तिच्यावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसे दगावली, शेकडो आजारी पडली. पाठीवर पंप घेऊन गेलेल्यांत बरेच जण दुसऱ्याच्या शेतात रोजीने गेलेले मजूर होते. कापसासाठी जीव देणाऱ्यांची नावे ना सातात होती ना बारात. मागोमाग गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली. डिसेंबरात नागपूर अधिवेशनात कृषिमंत्री पांडुरंग फुंडकर यांनी कोरडवाहूला हेक्टरी 30,800 आणि बागायतीला 37,500 रुपये जाहीर केले. 30,800 हा आकडा तीन तुकड्यांचा होता: 6,800 आपत्ती निधीचे, 8,000 पीक विम्याचे आणि 16,000 बियाणे कंपन्यांकडून वसूल करायचे. कंपन्या न्यायालयात गेल्या. विमा ज्याने काढला आणि ज्याच्या महसूल मंडळात लागू झाला त्यालाच. म्हणून अनेकांच्या हाती पडले ते हेक्टरी 6,800 रुपये, तेही हप्त्यांनी. 30,800 ऐकून दुकानदाराची उधारी फेडण्याचा शब्द दिलेल्या माणसाची त्या वर्षी काय अवस्था झाली असेल, याचा विचार घोषणा करणाऱ्यांनी एकदा करावा.

आता पीएम-किसान. या योजनेचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. वर्षाला 6,000 रुपये, तीन हप्ते, थेट खात्यात, मध्ये कोणी नाही. गावनिहाय लाभार्थ्यांची यादी कोणालाही पाहता येते. 2019 च्या फेब्रुवारीत ती आली तेव्हा इथेही दोन हेक्टरांची मर्यादा होती, पण 2008 ची चूक काही महिन्यांतच दुरुस्त झाली आणि सगळ्या जमीनधारक कुटुंबांना ती खुली झाली. राज्याच्या नमो योजनेने आणखी 6,000 दिले. खरीप तोंडावर आला असताना बियाण्याच्या पाकिटांपुरते पैसे हातात असणे ही लहान गोष्ट नव्हे. पण 12 हजार म्हणजे किती? 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये होता. म्हणजे वर्षाची सगळी थेट मदत दीड क्विंटल कापसाचीही होत नाही. 24 क्विंटल विकणाऱ्याला क्विंटलमागे 500 रुपये कमी मिळाले की ती एका दिवसात पुसली जाते. ऑगस्ट 2025 मध्ये, अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के कर लावल्यावर, केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत काढून टाकले. गिरण्यांना वाचवण्याचा तो उपाय असेल. पण दिवाळीनंतर यवतमाळचा कापूस बाजारात यायच्या वेळीच शुल्काची भिंत हटली. ज्या खात्यात सन्मान निधी जमा होतो, त्याच घराच्या कापसाचा भाव त्या निर्णयाने दबला.

आणि इथेही दरवाजा सातचाच आहे. 1 फेब्रुवारी 2019 पर्यंत जमीन नावावर असलेले कुटुंब पात्र. त्यानंतरचा बदल वारसाहक्काने झाला तरच चालतो. मालक यवतमाळात किंवा पुण्यात खासगी नोकरीला असला, करदाता नसला, की हप्ता त्याला. शेत मक्त्याने करून बियाणे, खत, फवारणी आणि पावसाचा धोका अंगावर घेणाऱ्याला काही नाही. पैनगंगेपलीकडे 2018 मध्ये तेलंगणाने रयतू बंधू योजना आणली, एकरी मदतीची आणि मर्यादेविना, पण तीही मालकालाच दिली आणि कुळांना स्पष्टपणे वगळले. कापसाच्या जगात हे फार जुने आहे. 1933 मध्ये रूझवेल्ट सरकारने कापसाचा पेरा कमी करण्यासाठी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत पैसे वाटले. ते जमीनमालकांच्या हाती पडले, आणि त्यांनी पेरा कमी करताना बटाईदारांनाच शेतातून काढले. 1934 मध्ये अर्कान्सामध्ये गोऱ्या-काळ्या बटाईदारांनी मिळून आपली संघटना उभारली ती त्याच अन्यायातून. यवतमाळात कोणाला बाहेर काढावे लागत नाही, कारण बटाईदाराचे नाव मुळात कुठे लिहिलेलेच नसते.

यावर महसूल खात्याकडून येणारे उत्तर ठरलेले आहे: कागद सोडला तर लूट होईल, आणि कसणाऱ्याचे नाव लिहिले तर मालक घाबरेल. दुसरी भीती खरी आहे. विदर्भासाठीच्या 1958 च्या कुळकायद्याची आठवण अजून ताजी आहे, आणि नाव लागले की जमीन जाईल या धास्तीने मक्त्याचा करार तोंडीच राहतो. पण याच भीतीवर उपाय करणारे कायदे शेजारी झाले आहेत. 2011 मध्ये अविभाजित आंध्र प्रदेशाने कसणाऱ्याला वर्षभराचे ओळखपत्र देणारा कायदा केला. तेव्हा आदिलाबादही त्याखाली होता. 2019 मध्ये आंध्रने 11 महिन्यांच्या कराराचा नवा कायदा केला आणि त्याने मालकी हक्काला धक्का लागत नाही हे त्यात लिहिले. त्या कायद्यांचे यश मर्यादित राहिले, बँका कर्ज द्यायला कचरल्या, हे मान्य करावे लागेल. तरी नाव नोंदवणे अशक्य आहे हे म्हणणे त्यांच्यामुळे मागे पडते. लुटीच्या भीतीला तर आपल्याकडेच उत्तर आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू आहे; शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो घेऊन नोंद होते. बारा इतका पक्का पूर्वी कधीच नव्हता. 2025 च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस विकायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी सक्तीची झाली, आणि तिच्यासाठी जमिनीचा दाखला आणि पिकाची प्रमाणित नोंद लागू लागली. एकेकाळी बंडीतला कापूस हाच पुरावा होता. आज कापूस समोर असूनही आधी सात दाखवावा लागतो.

म्हणून यवतमाळच्या आमदारांकडे आणि महसूल खात्याकडे एकच मागणे आहे. पुढच्या खरिपाच्या पीक पाहणीत पिकाच्या नावाशेजारी ते पीक करणाऱ्याचे नाव लिहा, मग तो मक्तेदार असो, बटाईदार असो, की सातात नाव नसलेली घरातली बाई. त्या नोंदीने मालकी जाणार नाही ही हमी विधानसभेने कायद्यात स्पष्ट शब्दांत द्यावी. आणि हमीभाव, विमा, नुकसानभरपाई या तिन्ही गोष्टी त्या नावावर द्याव्यात.